सव्वीस नावं, अकरा जागा

मोठ्या स्पर्धेचा संघ जाहीर झाला की पत्रांचा मायना ठरलेला असतो : 'अमक्याला का घेतलं नाही?' कोल्हापूरची पत्रं त्यात जरा तिखट, हे ओघानं आलंच. या खेपेला सगळी पानं राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या निवडीला दिली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, तिखट तसंच ठेवलंय.

प्रश्न : २०२२ च्या वर्ल्ड कपला आमच्या गल्लीत ब्राझीलचा झेंडा आडवा बांधला होता, तो क्रोएशियानं उतरवायला लावला. फिर्मिनोला घरी बसवून प्रशिक्षक टिटेनं चूक केली असं आमचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?
– ब्राझीलचा समर्थक, मंगळवार पेठ

फिर्मिनो गेला असता तर तो दहावा फॉरवर्ड झाला असता. ब्राझीलची यादी नुसती मोजून बघा : ३ गोलरक्षक, ८ बचावपटू, ६ मध्यफळीतले आणि ९ फॉरवर्ड. नेमार, विनिसियस, राफिन्या, रिचार्लिसन, अँटनी, रॉड्रिगो, जेझुस, मार्टिनेली, पेड्रो. पुढं माणसं कमी पडली, असं कुणी म्हणू शकत नाही. कमी पडला तो डावा बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू.

डाव्या बॅकला दोघं नेले होते, अॅलेक्स सँड्रो आणि अॅलेक्स टेलेस. कागदावर जागा भरलेली. सँड्रो स्वित्झर्लंडविरुद्ध दुखावला, टेलेसचा गुडघा कॅमेरूनविरुद्ध गेला. उजवा बॅक दानिलोचा घोटा त्याआधी पहिल्याच सामन्यात मुरगळला होता. तो बरा होऊन आला तेव्हा त्याला डावीकडं घातलं आणि उजवीकडं मिलिताओ हा स्टॉपर (मधला बचावपटू) लावला. म्हणजे कोरिया आणि क्रोएशियाविरुद्ध दोन्ही बाजूंचे बॅक आपापली जागा सोडून खेळत होते. उजव्या बॅकच्याच जागेसाठी नेलेला ३९ वर्षांचा दानी अल्वेस क्रोएशियाविरुद्ध बाकावर बसून राहिला. यादीवर बोट ठेवायचंच असेल तर ते या नावावर ठेवा. सर्वात दमवणाऱ्या जागेचा राखीव गडी असा हवा, की त्याला बाद फेरीत बिनधास्त उतरवता येईल.

उजव्या पायाचा माणूस डावा बॅक झाला की काय होतं? चेंडू आला की तो आत वळतो, कारण क्रॉस मारायला त्याला उजवा पाय हवा. त्याच्यापुढचा विनिसियसही उजव्या पायाचा, तोही आत वळतो. रेषेला चिकटून गोलरेषेपर्यंत जाणारं मग कुणी उरत नाही आणि समोरच्या संघाला मधली जागा दाटून उभं राहता येतं. दुबळ्या संघाविरुद्ध हे खपून जातं. कोरियाविरुद्ध ४-१ मध्ये ते दिसलंही नाही. दाटून बसणाऱ्या क्रोएशियाविरुद्ध मात्र चेंडू पुनःपुन्हा मध्येच अडकत गेला.

आणि एक. जादा वेळेत नेमारनं गोल केल्यावर ब्राझीलनं फ्रेडला आणलं, पण फॅबिन्यो आणि ब्रुनो गिमाराइस बाकावरच राहिले. तीन-चार मिनिटं उरली असताना संघ वर चढलेला, क्रोएशिया उलटा धावत आला, ११७ व्या मिनिटाला पेटकोविचचा गोल आणि मग टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींवर निकाल. ही चूक निवडीची नाही, वापरण्याची आहे. यादीत माणूस होता, त्याला उठवलं नाही. प्रशिक्षकाला जाब विचारताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर वाद चहाच्या गाड्यावर रात्रभर चालतो आणि निघत काहीच नाही.

प्रश्न : यादी बरोबर की चूक, हे स्पर्धेआधीच कसं तपासायचं? हरल्यावर सगळेच शहाणे होतात.
– एक वाचक, राजारामपुरी

वहीचं एक पान घ्या. प्रशिक्षक ज्या रचनेत खेळवतो (४-३-३, ३-५-२, जी असेल ती) त्या रचनेच्या अकरा जागा काढा. प्रत्येक जागेवर पहिलं नाव लिहा, खाली दुसरं. दुसरं नाव लिहिताना, तो खेळाडू क्लबकडून त्या जागेवर खरंच खेळतो का, एवढंच बघायचं. 'खेळू शकेल' चालणार नाही. एकच नाव दोन जागांखाली आलं तर हरकत नाही, तीन जागांखाली आलं की त्याला लाल गोल करा. तो माणूस पडला तर तीन भोकं एकदम पडतात.

मग प्रत्येकापुढं गेल्या आठ आठवड्यांत किती मिनिटं खेळला ते लिहा. किती सामन्यांत उतरला, हा आकडा फसवा असतो, कारण ८५ व्या मिनिटाला आलेलाही 'उतरला'च. एका सामन्याची संघाची मिनिटं अकरा गुणिले नव्वद, म्हणजे ९९०. गटातल्या तीन सामन्यांची २९७०. ही वाटायची कुणाकुणात, असा विचार केला की सव्वीसमधले चौदा-पंधराच खरे खेळणार हे लगेच ध्यानात येतं. उरलेले विमा म्हणून आहेत. आता कुठला विमा काढलाय आणि कुठला राहिलाय ते बघायचं.

डाव्या पायाचे किती, फ्री किक आणि कॉर्नर मारणारे किती, आणि १२० व्या मिनिटाला मैदानात असतील असे पेनल्टी मारणारे पाच आहेत का, हेही त्याच पानावर टिपा. शेवटचं फार जण विसरतात. पेनल्टीचे दोन पक्के गडी ७० व्या मिनिटाला बाहेर काढले तर टायब्रेकरला स्टॉपर पुढं येतात. उलट २०२२ च्या फायनलला अर्जेंटिनानं जादा वेळ संपता संपता डिबालाला उतरवला तो केवळ पेनल्टीसाठी, आणि त्यानं ती मारली.

हिशेबाचे नियमही माहीत हवेत. २००२ पासून वर्ल्ड कपला २३ जण असायचे, २०२२ ला २६ झाले. पाच बदली, पण खेळ तीनदाच थांबवून (मध्यंतराचा वेगळा), जादा वेळेत सहावी. २०२२ मध्ये वेगवेगळ्या सामन्यांत दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर, आणि साचलेलं एकटं कार्ड पुसलं जायचं ते क्वार्टर फायनलनंतर. त्यामुळं आडदांड खेळणाऱ्या मधल्या हाफच्या (मध्यफळीतल्या खेळाडूच्या) मागं दुसरा हाफ नसेल तर ती यादी कच्ची, मग पुढं कितीही मोठी नावं असोत.

प्रश्न : २०१० ला प्रशिक्षक मॅराडोनानं झानेटी आणि कॅम्बियासोला का वगळलं? आम्ही अर्जेंटिनावाले, पण हे आजपर्यंत पचलेलं नाही.
– शिवाजी पेठ

पचण्यासारखं नाहीच. त्या मोसमात इंटर मिलाननं इटालियन लीग, इटालियन कप आणि चॅम्पियन्स लीग असं तिन्ही जिंकलं होतं. झानेटी त्या संघाचा कर्णधार, कॅम्बियासो मधला खांब. मॅराडोनाच्या डोक्यात काय होतं हे सांगण्यापेक्षा वरचं वहीचं पान त्याच्या यादीला लावू.

उजव्या बॅकखाली दुसरं नाव लिहायला जाल तर पहिलंच सापडत नाही. तिथं आधी होनास गुतिएरेझ खेळला, जो मूळचा मध्यफळीतला. जर्मनीविरुद्ध ओटामेंडी, जो स्टॉपर. आता ते ४-० आठवा. पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर म्युलरचा. दुसऱ्या गोलला पोडोल्स्की जर्मनीच्या डाव्या बाजूनं, म्हणजे अर्जेंटिनाच्या उजव्या बॅकच्या अंगानं घुसला आणि क्लोजला आडवा पास दिला. तिसऱ्याला श्वाइनश्टायगर त्याच बाजूनं चेंडू घेऊन गोलासमोरच्या पेटीत शिरला आणि फ्रीडरिशनं तो लोटला. झानेटीची जागा तीच.

मध्ये मॅशेरानो एकटा. त्याच्या दोन्ही बाजूंना डी मारिया आणि मॅक्सी रॉड्रिगेझ, दोघंही मनानं विंगर, म्हणजे कडेनं पुढं धावणारे. चेंडू गेला की मागं धावणारा एकच. कॅम्बियासोचं काम नेमकं तेच होतं.

मॅराडोनाच्या बाजूनं एक मात्र सांगू. ३६ वर्षांच्या पालेर्मोला नेलं म्हणून त्याची चेष्टा झाली, पण गोलासमोर उभा राहणारा एक धिप्पाड माणूस बाकावर असणं हा विचार बरोबर होता. पात्रता फेरीत पेरूविरुद्ध भर पावसात शेवटच्या क्षणी त्यानंच गोल केला होता, आणि वर्ल्ड कपला ग्रीसविरुद्धही केला. चुकलं ते मागच्या बाजूला.

प्रश्न : दुखापतीतून सावरत असलेल्या खेळाडूला न्यावं का? नाव मोठं असेल तर?
– एका शालेय संघाचे प्रशिक्षक, फुलेवाडी

नाव बाजूला ठेवा, चार तारखा मागा. सरळ रेषेत पूर्ण वेगानं कधी धावला, संघासोबत पूर्ण सराव कधी केला, खऱ्या सामन्यात साठ मिनिटं कधी खेळला आणि आपला पहिला सामना कधी. तिसरी तारीख पहिल्या सामन्याच्या आधी येत नसेल तर तो खेळाडू गट फेरीपुरता नाही असं धरून उरलेली यादी करायची. तसं धरूनही यादी उभी राहते का? राहत असेल तर न्या. नसेल तर त्याच्या जागेचा आणखी एक माणूस घ्या, मग त्याला न्या. मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीत तर ही शिस्त जास्त पाळायची. तो स्नायू चालताना, हळू धावताना काही सांगत नाही, झपाट्यानं लांब टांग टाकली की सांगतो.

२०२४ च्या युरो स्पर्धेला इंग्लंडनं नेमकं हेच केलं नाही. ल्यूक शॉ फेब्रुवारीपासून एकही सामना खेळला नव्हता आणि यादीतला अस्सल डावा बॅक तो एकटाच. तो पहिल्यांदा मैदानात आला थेट क्वार्टर फायनलला, बदली म्हणून. तोवर उजव्या पायाचा ट्रिपियर डावीकडं. गट फेरीत त्याच्या पुढं फोडेन, जो विंगला उभा राहिला तरी मध्ये सरकतो. डावी बाजू ओस पडली ती यामुळं. तेवढे दिवस लोक फोडेनला नावं ठेवत होते. इंग्लंड तरीही फायनलला गेलं, पण त्यात मोठा हात बाकावरच्या माणसांचा. सेमी फायनलला वॉटकिन्सचा ९० व्या मिनिटाचा गोल, पास पामरचा, दोघंही बदली.

२००६ चं उदाहरण याहून वाईट. इंग्लंडच्या एरिकसन या प्रशिक्षकानं चारच फॉरवर्ड नेले. रूनीच्या पायाचं हाड एप्रिलअखेर मोडलेलं. ओवेनचं तसंच हाड डिसेंबरअखेर मोडलेलं, सामने मोजकेच झालेले. तिसरा क्राउच. चौथा १७ वर्षांचा वॉलकॉट, जो तोवर आर्सेनलकडून प्रीमियर लीगचा एकही सामना खेळला नव्हता. स्वीडनविरुद्ध पहिल्या काही सेकंदांतच ओवेनचा गुडघा गेला. क्वार्टर फायनलला रूनीला लाल कार्ड. वॉलकॉट स्पर्धेत एक मिनिटही उतरला नाही. पोरगं पुढं चांगलं निघालं हा भाग वेगळा. प्रश्न असा, की ज्याला उतरवायची प्रशिक्षकाचीच छाती होत नाही त्याला चारांतला एक म्हणून का मोजलं? फॉरवर्ड डेफो घरी होता.

घाई न करण्याचीही सोय नियमांत असते. वर्ल्ड कपला पहिल्या सामन्याच्या चोवीस तास आधीपर्यंत गंभीर दुखापत झालेला खेळाडू बदलता येतो. २०२२ ला अर्जेंटिनाच्या स्कालोनी या प्रशिक्षकानं निकोलास गोन्सालेस आणि होआकिन कोरेया या दोघांना कतारमधून परत पाठवून अँखेल कोरेया आणि आल्माडाला बोलावलं. लो सेल्सो तर त्याच्या पहिल्या पसंतीचा हाफ, तो यादीआधीच दुखापतीनं बाहेर गेला. सौदीकडून १-२ हरल्यावर स्कालोनीनं मधली फळी बदलत नेली, मॅक अॅलिस्टर आला, पाठोपाठ एन्झो फर्नांडेझ. सव्वीसमध्ये त्या जागेचे पुरेसे हाफ होते म्हणूनच हे जमलं.

प्रश्न : तीन-तीन गोलकीपर कशाला? एकाची जागा वाया जाते.
– रविवार पेठ

नियमच आहे, तीन हवेतच. शिवाय रोज सराव सामन्याला दोन्ही गोलात एकेक लागतो, आणि शूटिंगच्या सरावात एकाला विश्रांती द्यायला तिसरा. २०१४ ला नेदरलँड्सनं तर सगळे २३ खेळवले, तिन्ही गोलरक्षकांसह. कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता प्रशिक्षक व्हॅन हालनं सिलेसनला काढून उंचपुरा क्रूल उतरवला, त्यानं टायब्रेकरला दोन पेनल्टी अडवल्या. पुढं सेमी फायनलला मात्र तिन्ही बदली (तेव्हा तीनच होत्या) आधीच संपल्या होत्या. क्रूल बाकावर, गोलात सिलेसन, आणि अर्जेंटिनानं टायब्रेकर ४-२ नं जिंकला.

प्रश्न : बेन्झेमा बाहेर पडल्यावर फ्रान्सनं २०२२ ला बदली खेळाडू का घेतला नाही?
– कसबा बावडा

कारण त्या जागेचे गडी आधीच आलेले होते. प्रशिक्षक देशाँनं सुरुवातीला २५ जणच जाहीर केले, मग थुरामला जोडलं. एन्कुंकू सरावात दुखावला, त्याच्याऐवजी कोलो मुआनीला बोलावलं. तो तेव्हा फ्रँकफुर्टसोबत जपानमध्ये होता. बेन्झेमा गेला तरी जिरू, थुराम, कोलो मुआनी हे तिघं उरले. चौथा आणून करायचं काय? फायनलला ४१ व्या मिनिटाला देशाँनं जिरू आणि डेम्बेलेला काढून हेच दोघं उतरवले. कोलो मुआनीनं पेनल्टी मिळवली, ती एम्बापेनं मारल्यावर दोन मिनिटांच्या आत थुरामच्या पासवर एम्बापेचा दुसरा गोल, २-०चं २-२. दोघंही मूळ पंचवीसमध्ये नव्हते. १२० मिनिटं उलटल्यावर कोलो मुआनीचा फटका एमी मार्टिनेझच्या पायाला लागला नसता तर आज तुमच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांचा आवाज एवढा नसता.

प्रश्न : आपल्या भारताचं काय? प्रशिक्षक मार्केझनं चाळीस वर्षांच्या छेत्रीला परत आणलं. देशात दुसरा स्ट्रायकर नाही? आणि कोल्हापूरची पोरं का दिसत नाहीत?
– शाहू स्टेडियमचा नेहमीचा प्रेक्षक

छेत्री जून २०२४ मध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्यात निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये परत आला. त्या मोसमात आयएसएलमध्ये (देशातल्या सर्वात वरच्या लीगमध्ये) सर्वाधिक गोल करणारा भारतीय तोच होता, त्यामुळं मिनिटं आणि गोल बघून निवडायचं तर मार्केझचा निर्णय बरोबरच. मालदीवविरुद्ध ३-० मध्ये छेत्रीनं गोलही केला. पण पुढच्याच सामन्यात बांगलादेशविरुद्ध शिलाँगला ०-०. चाळिशीतल्या खेळाडूला सहा दिवसांत दोन सामने पुढं ठेवून दाब टाकायला लावलं की दुसऱ्या सामन्यात पहिली पंधरा पावलं मंदावतात, आणि समोरचा स्टॉपर निवांत चेंडू घेऊन वर येतो.

दुसरा स्ट्रायकर का नाही, याचं उत्तर निवडीच्या बैठकीत सापडणार नाही, क्लबच्या संघपत्रकात सापडेल. आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी मैदानात असू शकतात, आणि क्लब त्यातला एक बहुधा नऊ नंबरवर, म्हणजे स्ट्रायकरवर, खर्च करतात. भारतीय फॉरवर्ड मग विंगला तरी जातो, नाहीतर शेवटची दहा मिनिटं मिळवतो. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१, तीन सामन्यांत एकही गोल नाही. तेव्हा प्रशिक्षक स्टिमॅकवर टीका झाली. पण अन्वर अली, जिक्सन सिंग आणि आशिक कुरुनियन हे तिघं दुखापतीनं बाहेर होते आणि पुढच्या जागेवर लिहायला त्याच्याकडं नावंच कमी होती. त्याला विचारायचंच असेल तर इतक्या वर्षांत विंगवरच्या कुणाला मध्ये आणून सलग पाच-सहा सामने का दिले नाहीत, हे विचारावं.

क्लबनी खेळाडू सोडायचे की नाहीत, ही दुसरी डोकेदुखी. फिफानं ठरवून दिलेल्या तारखांत सोडावेच लागतात, बाहेर नाही. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडची स्पर्धा त्या तारखांत नव्हती. संघ जेमतेम जमवून आदल्या दिवशी पोचला आणि चीनकडून १-५ हरला.

कोल्हापूरचं म्हणाल तर अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून. वाट त्यात दिसते. पेठांची ईर्षा, भरलेलं स्टेडियम हे सगळं खरं, पण राष्ट्रीय प्रशिक्षक बघतो आयएसएल, तिच्याखालची लीग आणि त्यांचे युवा संघ. तेरा-चौदाव्या वर्षी निवासी अकादमीची चाचणी दिली नाही, तर पुढं तालमीकडून (पेठेच्या संघाकडून) कितीही गोल केले तरी त्या यादीपर्यंत नाव पोचणं अवघड. फेडरेशनच्या नोंदणीत जन्मतारखेचा घोळ नको, दाखला आणि आधारवरची तारीख एकच असू द्या. चाचणीच्या दिवशी मुलं माघारी जातात ती बऱ्याचदा यावरून.

प्रश्न : आमच्या पेठेच्या संघात १८ जण घ्यायचे आहेत. सात फॉरवर्ड आहेत, सगळ्यांचा मान राखायचा आहे. कसं करावं?
– नाव न छापण्याच्या अटीवर

दोन गोलकीपर, सहा बॅक (त्यात दोन्ही बाजूंना खेळणारा एक), सहा हाफ, चार फॉरवर्ड. झाले अठरा. आधी नियमपत्रकात बदली किती ते बघा. तीनच असतील तर चौथा फॉरवर्डही कमी करून एक हाफ वाढवा. एप्रिलच्या उन्हात, टणक मैदानावर पोटऱ्यांत गोळे येतात ते हाफ आणि बाजूच्या बॅकना, पुढच्यांना नाही.

सातांतला डाव्या पायाचा कोण ते शोधा. धावत्या पावलावर, रेषेजवळून, डाव्या पायानं वीस क्रॉस मारायला लावा. वीसपैकी बारा पहिल्या बचावपटूच्या डोक्यावरून पेटीत पडले, तर त्याला महिनाभर डावा बॅक म्हणून सराव द्या. सुरुवातीला तो रुसेल. मागं वळून विंगरला गाठायची त्याला सवय नसते, तेव्हा पहिले पंधरा दिवस फक्त तेवढंच करून घ्या : पाठ गोलाकडं, नजर चेंडू आणि माणूस दोन्हींवर, आणि पहिली तीन पावलं तिरकी. उरलेल्या दोघांना यादी भिंतीवर लागायच्या आधी घरी जाऊन सांगा.